प्रश्नावली निवडण्यापूर्वी

नागपुरातल्या सिकलसेलची शास्त्रीय नोंद 1958 पासून सापडते. त्या वर्षी शुक्ला आणि सोळंकी यांचा मध्य भारतातल्या सिकलसेल वाहकांवरचा लेख ‘लॅन्सेट’मध्ये आला. निलगिरीतल्या आदिवासींमध्ये हा दोष भारतात पहिल्यांदा दिसला, त्याला तेव्हा जेमतेम सहा वर्षं झाली होती. पुढे मेयो आणि मेडिकल या शहरातल्या दोन शासकीय रुग्णालयांमधून या आजाराच्या रुग्णांचं रक्त तपासलं गेलं, क्रायसिस म्हणजे तीव्र वेदनेचे झटके मोजले गेले, रक्ताच्या बाटल्या मोजल्या गेल्या. 2005 मध्ये मेयोतल्या अर्चना पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिकलसेलग्रस्त मुलांच्या जीवनमानावरचा अभ्यास प्रसिद्ध केला. म्हणजे प्रयोगशाळेला जे दिसत नाही ते रुग्णालाच विचारून मोजण्याची वाट नागपुरात केव्हाच पडलेली आहे. आज सिकलसेल असो, गुडघेदुखी असो की सोरायसिस, जवळपास प्रत्येक थिसिसमध्ये एखादी प्रश्नावली असते आणि तिच्यापुढे ‘व्हॅलिडेटेड’ असा शिक्का असतो. हा लेख त्या शिक्क्याकडे संशयानं कसं पाहायचं याबद्दल आहे. थिसिसचा विषय ठरवणारे निवासी डॉक्टर, फिजिओथेरपीचे विद्यार्थी, गावपातळीवर कार्यक्रम चालवून त्याचा परिणाम मोजू पाहणाऱ्या संस्था आणि असले अहवाल वाचून निर्णय घेणारे अधिकारी, असे सगळे वाचक माझ्या डोळ्यांपुढे आहेत. माझं म्हणणं एवढंच, की प्रश्नावलीची पारख प्रश्नांपासून सुरू करावी आणि आकड्यांकडे नंतर वळावं. आपल्याकडे नेमकं उलट चालतं.

काही ज्येष्ठांचा आक्षेप त्याच्याही आधीचा असतो. हिमोग्लोबिन आहे, एचबीएफचं (गर्भावस्थेतल्या हिमोग्लोबिनचं) प्रमाण आहे, वर्षात किती वेळा भरती झाला त्याची नोंद आहे. मग ‘तुला कसं वाटतं’ हे विचारून काय मिळणार? याला अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यातल्या एका अभ्यासानं चांगलं उत्तर दिलं आहे. 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात सिकलसेलच्या 232 प्रौढ रुग्णांनी सहा महिन्यांपर्यंत रोजची वेदना डायरीत नोंदवली. नोंदवलेल्या दिवसांपैकी सुमारे 55 टक्के दिवस वेदनेचे होते, आणि त्या वेदनेसाठी दवाखाना गाठला गेला तो अवघ्या 3.5 टक्के दिवशी. भरतीच्या रजिस्टरवरून आजार मोजणाऱ्याला यातलं किती दिसणार? गडचिरोलीतून नागपूरला यायचं तर एसटीचं भाडं आणि बुडालेली मजुरी यांचा हिशेब आधी होतो, त्यामुळे इथे ही दरी कमी असण्याचं काही कारण दिसत नाही. दुसरं उदाहरण घरचंच आहे. भारतातला सिकलसेल आफ्रिकेतल्यापेक्षा सौम्य, ही समजूत बरीच वर्षं चालत आली. कारणही सयुक्तिक होतं: आजार सौम्य करणारं एचबीएफ इथल्या रुग्णांत जास्त आढळतं. मेडिकलमधल्या दीप्ती जैन आणि सहकाऱ्यांनी मुलांच्या मोठ्या गटाचा प्रत्यक्ष पाठपुरावा केला आणि 2016 मध्ये या समजुतीच्या विरोधात पुरावा मांडला. रक्तातला आकडा आश्वासक असला म्हणून अंगावर निघणारं दुखणं कमी असतंच असं नाही. तेव्हा विचारायचं हे नक्की. कशानं विचारायचं, हा खरा प्रश्न.

इथे ‘कॉस्मिन’चं नाव घ्यायला हवं. आरोग्य मोजणाऱ्या साधनांची गुणवत्ता ठरवण्यासाठी ॲमस्टरडॅमच्या संशोधकांनी पुढाकार घेऊन देशोदेशीच्या तज्ज्ञांची सहमती घडवली आणि 2010 मध्ये तिचे निकष प्रसिद्ध केले. त्यात वैधता, विश्वासार्हता, बदल टिपण्याची क्षमता असे गुणधर्म वेगवेगळे मांडले आहेत. विद्यार्थी ती यादी पाठ करतात, पण तिच्यातला क्रम मात्र निसटतो. कॉस्मिनच्या मते सगळ्यांत महत्त्वाची आहे आशयाची वैधता, आणि ती तीन गोष्टींवर ठरते: विचारलेले प्रश्न या रुग्णांच्या आयुष्याशी संबंधित आहेत का, महत्त्वाचं काही सुटलं आहे का, आणि प्रश्न त्यांना कळतात का. इथे प्रश्नावली नापास झाली तर पुढचे आकडे कितीही देखणे असोत, ते भलतंच काहीतरी नेमकेपणानं मोजत असतात.

मुलांच्या जीवनमानासाठी जगभर वापरली जाणारी ‘पेड्सक्यूएल’ घ्या. 23 प्रश्न, चार विभाग, 0 ते 100 गुण. गुण जास्त म्हणजे परिस्थिती बरी. तिच्या मूळ इंग्रजीतला पहिलाच प्रश्न एका ‘ब्लॉक’पेक्षा जास्त चालणं जड जातं का असा आहे. अमेरिकन शहरातल्या मुलाला दोन चौकांमधलं हे अंतर पायाखालचं असतं. गडचिरोलीतल्या कुरखेड्याच्या टोल्यावरच्या मुलाला ते सांगायचं कसं? गावाच्या शिवेपर्यंत, बोअरवेलपर्यंत, की शाळेपर्यंत? हा अडथळा निदान डोळ्यांना दिसतो, त्यामुळे कुणीतरी तो दूर करतं. न दिसणारा अडथळा जास्त घातक असतो. शाळेच्या विभागात आजारपणामुळे शाळा बुडते का असं विचारलं आहे, पण ज्या मुलीचं नाव दोन वर्षांपूर्वीच शाळेतून कमी झालं तिनं काय उत्तर द्यायचं? बुडत नाही, हे उत्तर अक्षरशः खरं आहे आणि त्यानं तिचे गुण वाढतात. शिवाय विदर्भातल्या सिकलसेलग्रस्त घराला ज्या गोष्टी पोखरतात, त्या सर्वसाधारण प्रश्नावलीत येतच नाहीत: रक्तदाता शोधताना होणारी वणवण, सोयरिकीच्या वेळी सिकलचं कार्ड दाखवावं की लपवावं हा पेच, डिसेंबरच्या थंडीत पहाटे कामाला निघताना सांधे धरणं. सिकलसेलसाठीच्या खास प्रश्नावल्या आहेत. पेड्सक्यूएलचाच 43 प्रश्नांचा सिकलसेल विभाग 2013 मध्ये आला, प्रौढांसाठी ‘आस्क-मी’ आहे. वेदना आणि थकवा यांच्या बाबतीत त्या बऱ्याच जवळ येतात. पण त्या अमेरिकन रुग्णांशी बोलून घडल्या आहेत, आणि घडवणाऱ्यांचा त्यात काही दोष नाही. त्यांनी आपल्या रुग्णांना विचारलं. आपण आपल्यांना विचारायचं असतं.

हे अशक्य नाही, महाराष्ट्रात होऊन गेलं आहे. गुडघ्याच्या संधिवातासाठीची ‘वोमॅक’ ही 24 प्रश्नांची प्रश्नावली मोजे घालता येतात का, बाथटबमध्ये उतरता-चढता येतं का असं विचारते. मांडी घालून किंवा उकिडवं बसण्याबद्दल तिच्यात प्रश्नच नाही. म्हणजे जेवण, पूजा, भांडी घासणं, निंदण आणि शौच, ही ग्रामीण बाईच्या दिवसातली पाच कामं बाहेरच राहिली. पुण्याच्या सेंटर फॉर ऱ्हुमॅटिक डिसीजेस या संस्थेत अरविंद चोप्रा आणि सहकाऱ्यांनी भारतीय राहणीला धरून वोमॅकची पुणे आवृत्ती तयार केली आणि आपल्या औषधचाचण्यांत वापरली. भिगवण गावात 1996 पासून संधिवाताचं सर्वेक्षण करणारी हीच मंडळी. आधी वर्षानुवर्षं गावात बसून दुखणं ऐकलेलं असलं, की प्रश्न कुठे बदलायचा ते कळतं.

यावरचा आक्षेप वजनदार आहे. प्रत्येकानं आपापल्या सोयीनं प्रश्न बदलले तर नागपूरची तुलना लंडनशी सोडाच, रायपूरशीही करता येणार नाही. मग आंतरराष्ट्रीय प्रश्नावलीचा उपयोग काय? आक्षेप खरा आहे, म्हणून प्रश्न परस्पर बदलू नयेत असंच मीही म्हणेन. बहुतेक प्रश्नावल्यांवर हक्क असतात, परवानगी लागते आणि अधिकृत भाषांतर हक्कधारकाकडे असू शकतं. आधी ते मागवावं. स्वतःच भाषांतर करून थिसिसच्या परिशिष्टात ‘मराठी आवृत्ती’ म्हणून जोडणं, हा आपल्याकडचा सर्रास चालणारा आळस आहे. पाठदुखीच्या ऑस्वेस्ट्री निर्देशांकाची मराठी आवृत्ती रुग्णांवर तपासून 2013 मध्ये ‘स्पाइन’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेली असताना, तीच प्रश्नावली पुन्हा नव्यानं आणि वाईट भाषांतरित करण्यात कुणाचं भलं होतं? मूळ गाभा जसाच्या तसा ठेवा, तुलनेसाठी त्याचे गुण वेगळे द्या. सोबत स्थानिक प्रश्नांची छोटी पुरवणी जोडा आणि तिचे गुण वेगळे सांगा. दोन्ही एकत्र करून सरासरी काढण्याचा मोह मात्र आवरायला हवा. तसं केलं की तुलनाही जाते आणि स्थानिक अर्थही जातो.

प्रश्न कळतात का, हे तपासायला फार पैसा लागत नाही. कॉस्मिनच्या निकषांत अशा गुणात्मक तपासणीसाठी सात रुग्णही चांगले मानले आहेत. रुग्णाला प्रश्न वाचून दाखवा आणि उत्तर घेण्याआधी विचारा, ‘यात तुम्हाला काय विचारलं असं वाटतं?’ काळाचे प्रश्न इथे हमखास उघडे पडतात. ‘गेल्या एका महिन्यात’ असं छापलेलं असतं, आणि आई मात्र पोळ्यापासून मोजते किंवा मागच्या भरतीपासून. ‘कधीकधी’ आणि ‘बऱ्याचदा’ यांतला फरक कागदावर स्वच्छ असतो. तोंडी विचारताना तो विचारणाऱ्याच्या सुरावर ठरतो, आणि नागपूरच्या ओपीडीत प्रश्नावली बहुतेक वेळा तोंडीच भरली जाते. वऱ्हाडी, हिंदी, छत्तीसगढी, गोंडी अशी घरची भाषा असलेला माणूस समोर असतो, मागे रांग असते, आणि इंटर्न पाच पर्यायांपैकी पहिले दोन सांगून थांबतो. स्वतः वाचून भरण्यासाठी तपासलेली प्रश्नावली तोंडी वापरली, की ती वेगळी प्रश्नावली झाली असं समजावं आणि पद्धतीत तसं नमूद करावं. कुणी विचारलं हेही लिहावं. औषध लिहून देणाऱ्या डॉक्टरांनीच ‘आता बरं वाटतं ना?’ असं विचारलं, तर नाही म्हणायला किती जणांची जीभ रेटेल?

आता आकडे. थिसिसमध्ये सर्वांत आधी आणि पुष्कळदा एकटाच येतो तो क्रॉनबॅकचा अल्फा. 0.70 च्या वर गेला की प्रश्नावली विश्वासार्ह असं लिहून मोकळं होतात. अल्फा सांगतो ते एवढंच, की या प्रश्नांची उत्तरं एकमेकांशी जुळून चालतात. ‘पायऱ्या चढताना दुखतं का’, ‘जिना चढताना त्रास होतो का’, ‘वरच्या मजल्यावर जायला जड जातं का’ असे तीन प्रश्न घातले तर अल्फा झकास येईल, आणि माहिती एकाच प्रश्नाची मिळेल. प्रश्नांची संख्या वाढवली तरी तो फुगतो. काय सुटलं आहे याबद्दल त्याला काहीच सांगता येत नाही, कारण न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर गणितात येतच नाही. 0.95 पेक्षा मोठा अल्फा दिसला तर मी अभिनंदन करण्याआधी प्रश्न वाचून पाहीन.

गुण देण्याची पद्धत हा दुर्लक्षित कोपरा आहे आणि तिथे बरंच काही दडलेलं असतं. त्वचारोगांसाठीची ‘डीएलक्यूआय’ फिनले आणि खान यांनी कार्डिफमध्ये तयार केली, 1994 मध्ये प्रसिद्ध केली. दहा प्रश्न, 0 ते 30 गुण, गुण जास्त म्हणजे त्रास जास्त. त्वचेमुळे खेळण्यात अडचण आली का, लैंगिक संबंधांत अडचण आली का, असे प्रश्न तिच्यात आहेत आणि बहुतेक प्रश्नांना ‘लागू नाही’ असा पर्याय आहे. त्याला गुण शून्य. अंगभर सोरायसिस असलेली, कधीच मैदानावर न गेलेली, नवऱ्याच्या माघारी राहणारी पन्नाशीची बाई प्रामाणिकपणे दोन-तीन ठिकाणी ‘लागू नाही’ सांगते आणि कागदावर तिचा आजार हलका होतो. गुणांवरून महागडं औषध कुणाला द्यायचं हे ठरत असेल, तर हा निव्वळ तांत्रिक मुद्दा राहत नाही. 2018 मध्ये संशोधकांनी यासाठी दुरुस्त गुणपद्धती सुचवली, लागू नसलेले प्रश्न वगळून हिशेब करणारी. ऑस्वेस्ट्रीत ही सोय आधीपासूनच आहे: उत्तर दिलेल्या विभागांवरूनच टक्केवारी काढायची. म्हणून प्रश्नावली निवडताना गुणतक्त्याचं पान शेवटी नव्हे, सुरुवातीलाच उघडावं आणि कोरं सोडलेलं उत्तर कुठे जातं ते पाहावं.

पुढचा मुद्दा मोजमापातल्या चुकीचा, आणि तो समजला की निम्मे अहवाल वेगळ्या नजरेनं वाचता येतात. पेड्सक्यूएलमध्ये 4.4 गुणांचा फरक म्हणजे ‘किमान महत्त्वाचा फरक’ असं सगळीकडे उद्धृत केलं जातं. हा आकडा 2003 च्या अमेरिकन अभ्यासातला आहे, आणि तो कुठल्याही मुलाला ‘तुला बरं वाटलं का’ असं विचारून काढलेला नाही. मोजमापाची प्रमाण-चूक जेवढी, तेवढाच तो घेतला आहे. मग हिशेब करून पाहा. एका मुलाचे गुण दोनदा मोजले, तर त्यांतला फरक निव्वळ चुकीमुळे नाही असं 95 टक्के खात्रीनं म्हणायला प्रमाण-चुकीला सुमारे 2.77 नं गुणावं लागतं. 4.4 ला 2.77 नं गुणलं की उत्तर येतं 12.2. म्हणजे ओपीडीत समोर बसलेल्या एका मुलाचे गुण 62 वरून 68 झाले म्हणून हायड्रॉक्सियुरिया हे सिकलसेलवरचं औषध लागू पडलं असं म्हणायला आधार नाही. तोच फरक पन्नास मुलांच्या सरासरीत दिसला तर गोष्ट वेगळी, कारण तिथे ही मर्यादा पन्नासच्या वर्गमुळानं भागली जाते आणि पावणेदोन गुणांच्या आसपास उतरते. गटाच्या अभ्यासासाठी चांगली असलेली प्रश्नावली एकेका रुग्णाच्या निर्णयासाठी निकामी असू शकते. ‘ही प्रश्नावली चांगली आहे का’ या प्रश्नाला म्हणूनच उत्तर नसतं. कशासाठी आणि कुणासाठी, हे सांगितल्यावरच ते देता येतं.

सिकलसेलमध्ये विश्वासार्हता तपासणंही अवघड जातं. नियम असा, की रुग्णाची स्थिती बदलली नसताना साधारण दोन आठवड्यांनी तीच प्रश्नावली पुन्हा द्यायची आणि उत्तरं जुळतात का ते पाहायचं. मधल्या काळात क्रायसिस आला, तर न जुळणारी उत्तरं हा प्रश्नावलीचा दोष नसून तिचा गुण ठरतो. म्हणून दुसऱ्या वेळी आधी विचारावं, ‘मागच्या वेळेपेक्षा काही बदल?’ आणि ‘नाही’ म्हणणाऱ्यांचीच उत्तरं हिशेबात धरावीत. त्यातही नागपूरचं हवामान मध्ये येतं. शरीरातलं पाणी कमी होणं आणि थंडी, दोन्ही क्रायसिसला निमंत्रण देतात, आणि या शहरात मे महिन्यात पारा 45 अंशांवर जातो, डिसेंबरच्या रात्री दहाच्या आसपास उतरतो. मे मध्ये पहिली प्रश्नावली भरून ऑगस्टमध्ये दुसरी भरली, तर सुधारणा औषधाची की पावसाची? तुलनेसाठी दुसरा गट नसेल तर याचं उत्तर कुठल्याही सॉफ्टवेअरमधून निघत नाही. मुलाऐवजी आईनं उत्तरं दिली असतील तर तोही फरक धरावा लागतो. आजारी मुलांचे पालक मुलापेक्षा चित्र पुष्कळदा अधिक काळं रंगवतात. पहिल्यांदा आई आणि दुसऱ्यांदा मुलगा, असं झालं तर तुलना संपलीच.

इतकं सगळं तीन वर्षांच्या रेसिडेन्सीत, ड्युट्या सांभाळून कोण करणार, असं विचारलं जाईल. नवी प्रश्नावली घडवणं थिसिसचं काम नाहीच, आणि तसा प्रस्ताव आला तर गाईडनं तो परतवावा. पण आधी काय तपासलं गेलं आहे ते शोधणं, अधिकृत मराठी आवृत्ती मागवणं, सात-आठ रुग्णांसोबत प्रश्न वाचून पाहणं आणि तीस-चाळीस स्थिर रुग्णांना ती पुन्हा भरायला देणं, हे पीएसएम (सामाजिक वैद्यकशास्त्र) विभागाची थोडी मदत घेतली तर पायलटच्या काळात बसतं. निव्वळ अल्फा काढून ‘व्हॅलिडेटेड’ लिहिण्यापेक्षा ते कितीतरी उपयोगी आहे. 2023 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेनं सात कोटी लोकांच्या तपासणीचं लक्ष्य ठेवलं. ज्यांचं निदान झालं त्यांचं जगणं उपचारानं सुधारलं का, हा प्रश्न लवकरच शासनालाही विचारावा लागेल, आणि तेव्हा हाताशी असेल ती प्रश्नावली वापरली जाईल. ती कोणत्या रुग्णांवर, कोणत्या भाषेत आणि वाचून की विचारून तपासली, हे पद्धतीच्या परिच्छेदात स्पष्ट लिहा. कोणता प्रश्न किती जणांनी सोडला याचा तक्ताही द्या, आणि तो परिशिष्टात न लपवता निकालांत ठेवा. पुढच्या माणसाला कुठला प्रश्न बदलायचा ते त्यावरूनच कळणार आहे.